रिसीव्हरचा घोटा मुरगळला: ठेवू, विकू की सोडू?

पुण्याहून माझ्या मित्राच्या धाकट्या भावाचा प्रश्न आलाय. त्याची टीम अमेरिकन क्लायंटबरोबर काम करते आणि तिकडच्या सहकाऱ्यांनी यंदा त्याला ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगमध्ये ओढलं. अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू आळीपाळीने निवडून आपली टीम बनवायची आणि त्यांच्या प्रत्यक्ष खेळावर गुण मिळवायचे, असा तो खेळ. त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. बारा जणांची लीग, पीपीआर पद्धत, म्हणजे प्रत्येक झेलाला एक गुण. तीन आठवडे झाले, दोन जिंकला, एक हरला. तिसऱ्या रविवारी, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलेला वाइड रिसीव्हर (पुढे पळून फेकलेला चेंडू झेलणारा) घोटा धरून मैदानाबाहेर गेला. सोमवारी बातमी आली, ‘हाय अँकल स्प्रेन, वीक टू वीक’. मंगळवारी लीगमधल्या एकाने ट्रेड पुढे केला: तुझा जायबंदी रिसीव्हर मला दे, माझा दुसऱ्या फळीतला तू घे. ‘दादा, तू फिजिओ आहेस, वर हा खेळ इतकी वर्षं खेळतोयस. ठेवू, विकू की सोडून देऊ?’

सोडू नकोस. हे आधी सांगतो, कारण मंगळवारी रात्री माणूस वैतागून काहीही करून बसतो. तू सोडलास तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा कुणी त्याला फुकटात उचलेल आणि डिसेंबरमध्ये तुझ्याच विरुद्ध उतरवेल. ठेवायचा की विकायचा हे मात्र दोन गोष्टींवर आहे: घोट्यात नक्की काय दुखावलंय आणि तुझी बाकीची टीम त्याच्याशिवाय किती दिवस तग धरेल.

मी न्यू जर्सीत प्रॅक्टिस करतो. एनएफएलचे, म्हणजे इकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे, खेळाडू माझ्याकडे येत नाहीत, त्यांचे एमआरआय मला दिसत नाहीत. माझ्या टेबलावर असतात ती हायस्कूलची पोरं आणि शनिवारी हौसेने खेळून सोमवारी लंगडत येणारे चाळिशीतले बाबा. पण घोट्याची रचना सगळ्यांची सारखीच, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर माझ्याकडे घोट्यांचाच बाजार भरलेला असतो.

आपण मराठीत ‘पाय मुरगळला’ म्हणून मोकळे होतो, पण त्यात दोन वेगळी दुखणी लपलेली आहेत. पहिलं साधं. सिंहगड उतरताना दगडावरून पाऊल आत वळतं, तळवा आतल्या बाजूला फिरतो आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात. तासाभरात तिथे अंड्याएवढी सूज येते, दुसऱ्या दिवशी काळंनिळं पडतं, बघणारा घाबरतो. हे दुखणं दिसतं भयंकर, पण बहुतेक वेळा निभावतं. सौम्य असेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत, मधलं असेल तर तीन-चार आठवड्यांत खेळाडू परत येतो. पट्ट्या घट्ट बांधून पुढच्याच रविवारी उतरणारेही असतात.

दुसरं म्हणजे ‘हाय अँकल’. हे घोट्याच्या थोडं वर असतं. नडगीचं जाड हाड टिबिया आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं काडीसारखं हाड फिब्युला. ही दोन्ही खाली जिथे जवळ येतात, तिथे त्यांना एकत्र बांधून ठेवणारे अस्थिबंध असतात. त्या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात. पाऊल जमिनीत रुतलेलं, बोटं बाहेर वळलेली आणि वरून कुणीतरी पायावर कोसळलं, की ही दोन हाडं एकमेकांपासून फाकायला बघतात. गंमत म्हणजे यात सूज बऱ्याचदा कमीच असते. टीव्हीवर पाहून लोक म्हणतात, ‘काही विशेष नाही, चालतोय की.’ आम्ही मात्र पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं हाताने एकमेकांकडे दाबून पाहतो. दाबलं तिथे न दुखता कळ खाली घोट्याच्या वर उमटली, की आमचा चेहरा उतरतो.

म्हणून दुखापतीची क्लिप दोन-तीनदा मंद गतीने बघ. तळवा आत वळला की पाऊल रुतून पाय बाहेर पिळला गेला, एवढं जरी दिसलं तरी पत्रकारांच्या पहिल्या ट्वीटपेक्षा जास्त कळतं. एक्स-रे निर्मळ आला, या बातमीने सुटकेचा श्वास टाकू नकोस. एक्स-रे हाड मोडलं की नाही सांगतो. अस्थिबंधाची गोष्ट सोमवारच्या एमआरआयनंतरच कळते. पायात काळा बूट चढवला म्हणून खचूही नकोस. तो खबरदारी म्हणून सर्रास चढवतात.

(आई अजूनही फोनवर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लावायला सांगते. साध्या मुरगळण्यावर मी तिच्याशी वाद घालत नाही. वरच्या जोडावर मात्र लेपाची मात्रा चालत नाही, तिथे वेळच लागतो.)

आता रिसीव्हरला हे इतकं का भोवतं, ते सांगतो. घोट्याच्या खाचेत बसणारं टेलस नावाचं हाड पुढून रुंद आणि मागून अरुंद असतं. गुडघा पुढे झुकून पाऊल वर दुमडलं, की त्याचा रुंद भाग खाचेत घुसतो आणि दोन्ही हाडांना बाहेर रेटतो. सुताराने फटीत पाचर ठोकावी तसं. धावताना हे थोडंफार होतंच, पण खरा जोर येतो तो करकचून थांबताना. आणि रिसीव्हर पोटापाण्यासाठी काय करतो? पूर्ण वेगात दहा-बारा यार्ड धावायचं, दोन पावलांत थांबायचं, आणि मागे किंवा बाजूला वळून चेंडू घ्यायचा. कमबॅक, कर्ल, आउट हे सगळे मार्ग त्या एका थांबण्यावर उभे आहेत. बचावपटू त्याच्यापासून हातभर लांब राहतो तो त्याच थांबण्यामुळे. पाचरीच्या भीतीने खेळाडू अर्धं पाऊल उशिरा थांबला, तर तो हातभर फरक संपतो आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक दुसरीकडे बघतो.

सरळ पळणं त्या मानाने लवकर परत येतं. म्हणून पत्रकार सरावाचा व्हिडिओ टाकतात, ‘बघा, कसा पळतोय!’, आणि माझे लीगमधले मित्र तो मला पाठवतात. सरळ पळतानाचा व्हिडिओ मी बघतच नाही. वळताना, तेही दुखऱ्या पायावर भार देऊन वळताना काही दिसलं तर बोला.

दर वर्षी कुणीतरी पॅट्रिक महोम्सचा दाखला देतो. जानेवारी २०२३ मध्ये जॅग्वार्सविरुद्ध त्याचा घोटा असाच वर दुखावला, आठ दिवसांनी तो बेंगॉल्सविरुद्ध खेळला, पुढे १२ फेब्रुवारीला सुपर बोल जिंकला. सगळं खरं. पण तो क्वार्टरबॅक आहे. लंगडत तीन पावलं मागे सरकून चेंडू फेकता येतो. लंगडत कमबॅक रूट धावता येत नाही. तुआ टागोवाइलोआचंही तेच. अलाबामा विद्यापीठाकडून खेळत असताना १९ ऑक्टोबर २०१९ ला टेनेसीविरुद्ध घोटा गेला, लगेच शस्त्रक्रिया झाली, दोन हाडांमधून मजबूत दोरा ओवून दोन्हीकडे बटणं लावतात ती ‘टाइटरोप’ पद्धत, आणि ९ नोव्हेंबरला तो एलएसयूविरुद्ध उतरला. तीन आठवडे! ही दोन उदाहरणं ऐकून रिसीव्हरचा हिशोब मांडलास तर फसशील.

मीही फसलोय, फुकट सांगत नाही. २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या मायकल थॉमसने १४९ झेल घेऊन लीगचा विक्रम केला होता, १७२५ यार्ड आणि ९ टचडाउनसह. २०२० च्या ड्राफ्टमध्ये माझा नंबर उशिरा होता आणि तो माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचलो होतो. पहिल्याच सामन्यात, टँपा बेविरुद्ध, शेवटी-शेवटी त्याचा घोटा गेला. हाय अँकल. मी स्वतः फिजिओ, म्हणून जास्तच शहाणा: ‘चार आठवडे, फार तर पाच.’ घोट्यापुरता माझा अंदाज फारसा चुकलाही नसता. पण मध्ये सरावात सहकाऱ्याशी मारामारी केली म्हणून संघानेच त्याला एक सामना बसवला, मग संघाची सुट्टी आली, मग हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू). तो परतला नवव्या आठवड्यात. हॅमस्ट्रिंग घोट्यामुळेच गेली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दुखरा पाय वाचवत पळणारा माणूस भार दुसरीकडे टाकतो आणि दुसरं काहीतरी कुरकुरायला लागतं, हे मी दवाखान्यात रोज पाहतो.

परतल्यावरचे त्याचे आकडे मला पाठ आहेत: ५ झेल ५१ यार्ड, मग २ झेल २७ यार्ड, आणि तिसऱ्या सामन्यात एकदम ९ झेल १०४ यार्ड. म्हणजे परत आला नवव्या आठवड्यात, पण थॉमससारखा खेळला तो अकराव्यात. मी त्याला नवव्या आणि दहाव्या दोन्ही आठवड्यांत उतरवलं होतं. अकराव्यात बाकावर बसवलं. हसू नकोस. शेवटी चौदाव्या आठवड्यानंतर संघाने त्याला आयआरवर (जायबंदी खेळाडूंच्या यादीवर) टाकलं आणि माझ्या लीगच्या उपांत्य फेरीत तो नव्हताच. अख्ख्या हंगामात सात सामने, ४० झेल, ४३८ यार्ड, टचडाउन शून्य. घोट्याची शस्त्रक्रिया झाली ती थेट जून २०२१ मध्ये, आणि पुढचा पूर्ण हंगाम गेला.

तेव्हापासून मी हाय अँकलवाल्या रिसीव्हरसाठी दोन तारखा लिहितो. तो मैदानात कधी येईल ती एक, आणि तो पुन्हा स्वतःसारखा कधी खेळेल ती दुसरी. दोन्हींमध्ये मी दोन सामन्यांचं अंतर धरतो. या दोन सामन्यांत तो बऱ्याचदा बुजगावणं असतो. शेतात उभा राहिला की पाखरं येत नाहीत, तसं. तो उभा आहे म्हणून बचावातला उत्तम माणूस त्याच्याकडे अडकतो आणि चेंडू दुसऱ्या कुणाला मिळतो. त्याच्या संघाला हे परवडतं, किंबहुना हवंच असतं. तुला बुजगावण्याचे गुण मिळत नाहीत.

दरवेळी असंच होतं असंही नाही. डॅलसच्या सीडी लॅम्ब या रिसीव्हरचा घोटा सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागोत गेला, डॅलसच्या तीन सामन्यांत तो नव्हता, आणि परतला त्याच दिवशी शंभर यार्डांच्या पुढे गेला. ज्यांनी त्याला त्या दिवशी बाकावर बसवलं, त्यांनी त्या रात्री फोन बंद केले असतील. तरीही पुढच्या वेळी मी पुन्हा बाकावरच बसवेन. माझ्याकडे दुसरा बरा माणूस असेल तर.

रॅम्सचा रिसीव्हर कूपर कप याची दोन वर्षं शेजारी-शेजारी ठेवली की खूप कळतं. २०२२ मध्ये नऊ सामन्यांत ७५ झेल आणि ८१२ यार्ड करून तो जोरात होता. १३ नोव्हेंबरला ॲरिझोनाविरुद्ध हाय अँकल झालं, टाइटरोप करावी लागली, हंगाम संपला. २०२४ मध्ये पुन्हा ॲरिझोनाविरुद्धच, पण १५ सप्टेंबरला, घोटा गेला. या वेळी शस्त्रक्रिया लागली नाही. चार सामने चुकले आणि ऑक्टोबर संपायच्या आत, एका गुरुवारी, तो परतला. म्हणून बातमीत ‘टाइटरोप’ किंवा ‘प्रोसीजर’ हा शब्द नोव्हेंबरमध्ये दिसला तर रिसीव्हरला त्या वर्षापुरतं विसरायचं. सप्टेंबरात दिसला तर तुझ्या लीगच्या आयआरच्या जागेत टाकून कॅलेंडरकडे बघायचं. २०२४ च्या त्या गोष्टीत आणखी एक बारकावा आहे. मध्ये रॅम्सचा सुट्टीचा आठवडा होता. संघांना हे चांगलं कळतं, सुट्टीच्या आधीचा सामना ते खेळाडूला सहसा खेळवत नाहीत, कारण एक सामना गमावून दोन आठवडे मिळतात. तुझ्या रिसीव्हरची सुट्टी कधी आहे ते आजच बघ.

आता बातम्या कशा वाचायच्या. ‘डे टू डे’ म्हणाले तर या रविवारची आशा आहे. ‘वीक टू वीक’ म्हणाले तर या रविवारचं विसर. एनएफएलच्या आयआर यादीवर टाकलं तर किमान चार सामने नक्की गेले. नाही टाकलं, तर चारच्या आत परतेल असं त्यांच्या डॉक्टरांना वाटतंय, एवढाच त्याचा अर्थ. परतीच्या आठवड्यात बुधवार, गुरुवार, शुक्रवार असा सरावाचा अहवाल येतो. बुधवारी मोठे खेळाडू विश्रांतीसाठीही बसतात, त्याने हुरळू किंवा घाबरू नकोस. शुक्रवारचा खरा. शुक्रवारी पूर्ण सराव केला तर खेळेल आणि बहुधा धड खेळेल. तिन्ही दिवस ‘लिमिटेड’ (अर्धवट सराव) आणि शेवटी ‘क्वेश्चनेबल’ (खेळेल की नाही अनिश्चित), हे माझ्या मते सगळ्यात घातक, कारण असा खेळाडू बहुतेक वेळा उतरतो आणि बुजगावणं होतो. पूर्वी ‘प्रोबेबल’ (बहुधा खेळेल) अशी आणखी एक पायरी होती, ती २०१६ पासून काढून टाकली, त्यामुळे ‘क्वेश्चनेबल’च्या पोतडीत आता हलके-जड सगळेच येतात.

सामन्याला नव्वद मिनिटं असताना कोण खेळणार नाही त्याची यादी लागते. तुझ्यासाठी म्हणजे रविवारी दुपारी एकच्या सामन्याची यादी रात्री नऊला, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडची घड्याळं मागे गेली की रात्री दहाला. जेवण उरकून फोन घेऊन बसायचं. त्याचा सामना उशिराचा किंवा सोमवारचा असेल, तर त्याला फ्लेक्सच्या, म्हणजे एकाच पोझिशनला न बांधलेल्या, जागेत ठेव आणि त्याच सामन्यातला किंवा त्यानंतरचा एखादा माणूस बाकावर तयार ठेव. नाहीतर यादीत त्याचं नाव येतं तेव्हा तुझ्या बाकावरचे सगळे खेळून झालेले असतात आणि तू शून्य घेऊन बसतोस. नवख्यांची लीग बहुतेक इथेच हातातून जाते.

तुझ्याकडे ड्रीम ११ ची सवय असेल. तिथे सामना संपला की टीम संपली, जखमी झाला तर पुढच्या वेळी दुसरा. इथे ड्राफ्टमध्ये घेतलेला खेळाडू हंगामभर तुझा, म्हणून त्याच्या घोट्याची किंमत आजच्या गुणांत धरायची नसते. बहुतेक लीगमध्ये बाद फेरी पंधरा ते सतराव्या आठवड्यात असते. तिसऱ्या आठवड्यात हाय अँकल, शस्त्रक्रिया नाही असं धरलं, तर सातव्या-आठव्यात परतेल, नवव्या-दहाव्यात स्वतःसारखा होईल. म्हणजे तुझ्या बाद फेरीआधी पाच-सहा आठवडे हाताशी राहतात. त्या पाच-सहा आठवड्यांसाठी आणि बाद फेरीसाठी तू त्याला ठेवतोयस. मधले सहा सामने त्याच्याशिवाय काढायचे आहेत. दोन-एक असताना त्यांतले तीन जिंकलास तरी चालेल. तुझा दुसरा आणि तिसरा रिसीव्हर बरा असेल तर मी ठेवेन. शून्य-तीन असतास तर आजच विकला असता, कारण डिसेंबरचा राजा ऑक्टोबरात बाहेर पडलेल्या टीमच्या काही कामाचा नाही.

त्याच्या जागी कोण? सगळे त्याच्या संघातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिसीव्हरवर वेव्हरचं, म्हणजे कुणाच्याच टीममध्ये नसलेले खेळाडू घ्यायचं, बजेट उधळतात. थांब. पहिल्या क्रमांकाचा गेला की प्रतिस्पर्ध्याचा उत्तम कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) आता या दुसऱ्यावर येतो. चेंडू बऱ्याचदा जातात ते मधल्या स्लॉटमध्ये खेळणाऱ्याकडे आणि टाइट एंडकडे (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा). पीपीआरमध्ये छोटे-छोटे सहा झेल म्हणजे न बोलता सहा गुण. कधी लॉटरीही लागते. २०२३ च्या हंगामाच्या सुरुवातीला कप हॅमस्ट्रिंगमुळे चार सामने नव्हता आणि एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला, त्याच्याच संघाचा पुका नकुआ वर आला. तो हंगाम त्याने १०५ झेल आणि १४८६ यार्डांवर संपवला, दोन्ही नवख्यांचे त्या वेळचे विक्रम. पण असा नकुआ दर वर्षी उगवत नाही, त्याच्या आशेवर अर्धं बजेट घालवू नकोस.

राहता राहिला तो ट्रेड. समोरचा तुला एकास एक देतोय, म्हणजे त्याने तुझा रिसीव्हर पंधराव्या आठवड्यात खेळताना मनात पाहिलाय आणि तू तो पाहिलेला नाहीस असं धरलंय. नाही म्हणू नकोस, उत्तरही घाईने देऊ नकोस. बुधवारी रात्रीपर्यंत संघाने आयआरवर टाकलं का आणि शस्त्रक्रियेचं काही निघालं का ते बघ. दोन्ही नसेल, तर उलट मागणी कर: त्याचा दुसऱ्या फळीतला रिसीव्हर आणि त्याच्या बाकावरचा सुरुवातीपासून खेळणारा एखादा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा), बदल्यात तुझा घोटेवाला आणि तुझा चौथा रिसीव्हर. तो कबूल झाला तर घे, तुझे मधले सहा सामने सुटतात. फिसकटलं तर काही बिघडत नाही, खेळाडू तुझ्याकडेच आहे. आणि शस्त्रक्रियेची बातमी आली, तर तो ट्रेड पुन्हा पुढे येणारच नाही.

परतीच्या आठवड्यात शुक्रवारचा अहवाल आला की मला मेसेज टाक, तुझ्याकडे रात्र झाली असली तरी. त्याला उतरवायचं का, हे तेव्हा ठरवू. दुखावलेला पाय डावा की उजवा तेवढं मात्र आत्ताच कळव, त्यावरून कोणत्या बाजूची वळणं आधी जमतील ते सांगता येईल.